भाड्याच्या आखाड्यातली येळवस

काल सकाळी अप्पांनी ज्वारीचं एक कणीस मोडलं, त्यातला दाणा नखाने दाबला आणि ते नख माझ्या तोंडापुढे धरलं. "बघा बाई. परवा दूध व्हतं, आज चीक हाय. हुरड्याला अजून चार दिस." एवढं बोलून, कणीस माझ्या हातात देऊन ते बांधाच्या कडेने निघूनही गेले. मी मात्र ते कणीस हातात धरून तिथंच उभी राहिले. दरवर्षी माझं असंच होतं. मार्गशीर्षाची थंडी पडली, बांधावरची बोरं पिवळी व्हायला लागली, हरभऱ्याच्या पानांवरची आंब बोटांना लागली, की आधी भीती वाटते आणि मग हसू फुटतं. दोन्ही एकाच हंगामाचं, पहिल्या. त्यानंतर बरेच हंगाम झाले, चांगले गेले, एक तर इतका चांगला गेला की बोलून बोलून माझा आवाज बसला तो होळीपर्यंत सुटला नाही. पण आठवायला लागले की तो पहिलाच आगाऊ पाहुण्यासारखा पुढे येऊन बसतो.

बाहेरच्या वाचकांना एक सांगायला हवं. आखाडा म्हटलं की तुमच्याकडे कुस्ती आठवते. आमच्याकडे आखाडा म्हणजे शेतातलं घर. दगडमातीच्या भिंती, वर पत्रे, एका बाजूला गोठा, दुसऱ्या बाजूला बी-बियाण्याची खोली, पुढे ओसरी आणि ओसरीपुढे कडुलिंबाचं झाड. औसा रोडला, लातूर सुटल्यावर थोडं आत, अप्पांचा असा एक आखाडा आहे आणि तो मी भाड्याने घेतला आहे. तिथं मी लोकांना हुरडा खाऊ घालते. थंडीभर हुरडा, उन्हाळ्यात चुलीवरचं जेवण, आणि पावसाळ्यात आखाडा परत अप्पांचा आणि त्यांच्या खताच्या पोत्यांचा. हा माझा धंदा आहे. धंदा हा शब्द मी मुद्दाम वापरते. ह्याला 'उपक्रम' म्हणणारे लोक भेटतात, त्यांना मी चटणी कमी वाढते.

मी नांदेडकडच्या नायगावची. लातूरला आले ती लेकीच्या अकरावीसाठी. आमच्या भागातल्या कितीतरी आया अशाच आल्या होत्या. गावाकडे नवरा सोडायचा, लातुरात दोन खोल्या घ्यायच्या आणि लेकराच्या क्लासच्या वेळा बघून कुकर लावायचा. आमच्या ह्यांचं नायगावला झेरॉक्सचं दुकान. ते तिकडे, आम्ही दोघी इकडे. लेक सकाळी उजाडता बाहेर पडायची, आणि दिवसभर मी आणि भिंत, दोघीच. भिंतीशी किती बोलणार? शेजारच्या खोलीतल्या पोरीला डबा द्यायला लागले. मग तिच्या मैत्रिणीला. मग त्या मैत्रिणीच्या अख्ख्या हॉस्टेलला. रज्जाकभाई म्हणून एक रिक्षावाले होते. त्यांच्या रिक्षात सीटवर डबे, सीटखाली डबे, आणि एक पिशवी त्यांच्या मांडीवर. लेक पुढे फार्मसीला नांदेडला गेली. आता मी परत नायगावला जाणार, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. कुणी मला विचारलंसुद्धा नाही. मग मीही कुणाला सांगितलं नाही, नुसती गेले नाही.

डब्याचं एक मात्र वाईट असतं. भरलेला जातो आणि रिकामा येतो. मधे काय झालं ते कळत नाही. कुणी बोटं चाटली, कुणी नाक मुरडलं, कुणी रडत रडत खाल्लं, काही पत्ता नाही. पाच वर्षं मी शेकडो लेकरांना जेवू घातलं आणि त्यांतलं एकही माझ्यासमोर जेवलं नाही. मला माणसं जेवताना बघायची होती. एवढीच हौस होती आणि त्या हौसेपायी मी चालू डबे दुसऱ्या बाईच्या हवाली केले. हे फोनवर म्हणाले, "डोकं ठिकाणावर आहे का?" मी म्हटलं, नाही.

अप्पांचा आखाडा रज्जाकभाईंनीच दाखवला. त्यांचे वडील अप्पांच्या वडिलांच्या बैलांना पोळ्याच्या झुली शिवून द्यायचे, तेव्हापासूनचं दोन्ही घरांचं येणंजाणं. पण बैल दोन वर्षांपूर्वीच विकले होते. दावणीत, म्हणजे बैलांच्या गव्हाणीत, कोंबड्या अंडी घालत होत्या. खोलीत फवारणीचे पंप, फाटकी ताडपत्री, कुळवाची गंजलेली फास आणि हरलेल्या एका उमेदवाराचा हात जोडलेला फ्लेक्स. मी दार ढकललं तेव्हा आतून जुन्या कडब्याचा आणि बैलांचा वास आला. बैल नव्हते, वास होता. त्या वासानेच मला पकडलं. मी बाहेर येऊन सांगितलं, मला हाच पाहिजे.

"काय करनार हितं?" अप्पांनी विचारलं.

"हुरडा. लोक येतील, झाडाखाली बसतील, हुरडा खातील, पैसे देतील."

अप्पांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "हुरडा इकायचा असतो व्हय?"

त्यांचं चूक नव्हतं. आमच्याकडे हुरड्याला बोलावतात. ज्याच्या रानात हुरडा आला त्याने सांगावा धाडायचा, आणि सांगावा न मिळालेला माणूस वाटेने जात असला तर त्यालाही हाक मारायची. खाल्ल्यावर पैसे काढणं म्हणजे त्या घराच्या तोंडात मारणं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मी हट्टी. मी म्हटलं, "अप्पा, ज्यांना बोलावणारं कुणी नाही त्यांनी हुरडा कुठं खायचा?" हे मी तोंडाला आलं म्हणून बोलले होते. त्याचा अर्थ मला स्वतःला कळायला पुढे दीड महिना जावा लागला.

तेव्हा अप्पांच्या बायको, गंगाक्का, ओसरीच्या पायरीवरून बोलल्या. गंगाक्का निलंग्याकडच्या, कर्नाटकच्या सीमेवरच्या. आवाज असा की चार वावरं पलीकडे ऐकू जावा. "देऊन टाका की. बैलं गेल्यापासून आखाड्याकडं बघवंना. मानसं तर येतील." पण अडचण वेगळीच होती. लातूरचा एक डाळमिलवाला त्या आखाड्याच्या मागे लागला होता. त्याला तूर ठेवायला गोदाम हवं होतं. पक्क्या भिंती, रस्त्याला लागून, वरून कायमचं भाडं. अप्पांचा मुलगा पुण्याहून रोज फोन करून त्याचीच शिफारस करत होता. अप्पांनी दोघांच्या मधे रेघ ओढली. "संक्रांतीपत्तुर बघू. तवर तुमचं चाललं तर आखाडा तुमचा. न्हाई चाललं तर त्याचा."

म्हणजे संक्रांतीला एकतर इथं माझी चूल असणार होती, नाहीतर तुरीची पोती. आणि पोती आली तर मला डबेही उरले नव्हते. नायगावला जायचं, झेरॉक्सच्या काउंटरमागे स्टूल टाकून बसायचं आणि आधार कार्डाच्या पुढच्या-मागच्या बाजू काढून द्यायच्या. आमचे हे वाईट नाहीत. स्टूलही वाईट नाही. पण मला तिथं बसायचं नव्हतं, आणि हे मी कुणाला नीट समजावून सांगू शकत नव्हते. पन्नाशीला टेकलेल्या बाईला काय एवढं लागून राहिलंय, असं सगळ्यांच्या तोंडावर दिसायचं.

ते दिवस आठवले की हाताच्या रेषांत अजून शेण आणि पांढरी माती दिसते. गोठा सारवला. भिंती पोतारल्या. दावण तशीच ठेवली, तिच्यात गोधड्या अंथरल्या, बसायला इतकी सुरेख जागा पुढे कुठल्या सोफ्यावर मिळाली नाही. झाडाखाली आगटीसाठी खड्डा खणला. आगटी म्हणजे हुरडा भाजायची शेकोटी. गोवऱ्या पेटवून त्यांचा लाल आर झाला की त्यात कणसं खुपसायची. गंगाक्कांनी मला कणीस चोळायला शिकवलं, कारण मला येत नव्हतं. तोंडाने मोठ्या गप्पा, आणि पहिल्याच दिवशी दोन्ही तळहात भाजून घेतले. "नांदेडवाल्यांना हुरडा चोळता येत न्हाई म्हनं," असं त्यांनी गावभर केलं. जवसाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, सगळं ठरलं. अप्पांची ज्वारी दोन तुकड्यांत पेरलेली होती, एक लवकरची, एक विहिरीकडची उशिरा. म्हणजे संक्रांतीपर्यंत हुरडा पुरणार होता. माणसं तेवढी यायची राहिली होती.

आणि मग मी उद्घाटनाचा दिवस ठरवला. येळवशीचा.

लातूरच्या वाचकाने इथंच कपाळाला हात लावला असेल. बाकीच्यांसाठी सांगते. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. त्या दिवशी ह्या भागातली सगळी माणसं रानात जातात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभारतात, तिच्यात पूजा मांडतात, रानात आंबील शिंपडतात आणि दिवसभर तिथंच जेवतात. लातूर शहर असं ओस पडतं की चौकात बसलेलं कुत्रं उठत नाही. आमच्या घरात येळवस कधी नव्हती. डब्यांच्या वर्षांत मी एवढंच बघितलेलं, की ह्या दिवशी शहर उठून रानाकडे जातं. मी म्हटलं, लोक आयते रानाकडे निघालेतच, तर त्यांना माझंच रान दाखवू. पत्रकं छापली. पेपरात टाकून घरोघर पाठवली. माझ्या हुशारीवर मी इतकी खूश होते की दोन दिवस गुणगुणत फिरत होते.

रज्जाकभाईंनी सांगून बघितलं होतं. "भाभी, त्या दिवशी रिक्षा बी कुणी काढत नाही. मला बी तीन शेतातून बुलावा हाय." मला वाटलं, भाईंना सुट्टी पाहिजे.

येळवशीच्या सकाळी मी नवी साडी नेसून आखाड्यावर पोचले, तर ओसरीपुढे ट्रॅक्टर उभा. ट्रॉलीतून अप्पांचे भाऊ, भावजया, लेकी, जावई, नातवंडं उतरत होती, डोक्यावर झाकलेल्या टोपल्या. मी सारवलेल्या गोठ्यात त्यांनी पातेली मांडली होती. माझ्या दावणीत कुणाचंतरी तान्हं झोपलं होतं. रानात कोप कालच उभी राहिलेली, मला कुणी सांगितलं नव्हतं कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं.

"अप्पा," मी म्हटलं, "आज माझं उद्घाटन आहे."

"असू द्या की."

"मग हे सगळे?"

अप्पांना माझा प्रश्नच कळला नाही. त्यांनी शांतपणे सांगितलं, "आखाडा तुमाला दिलाय बाई. येळवस न्हाई दिली."

मी तरातरा रस्त्यावर गेले आणि तिथं लावलेल्या माझ्या हुरड्याच्या फलकाखाली खुर्ची टाकून बसले. दहा वाजले. अकरा वाजले. रस्त्यावरून एक टेम्पो गेला, त्यातल्या माणसांनी मला हात केला आणि ती त्यांच्या त्यांच्या रानाकडे गेली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ह्या दिवशी लातुरात ज्याला रान आहे तो त्याच्या रानात असतो, आणि ज्याला नाही त्याला चार रानांतून बोलावणं असतं. सगळ्या वर्षातला हा एकच दिवस असा होता की ज्या दिवशी ह्या शहरातलं एकही माणूस पैसे देऊन कुणाच्या शेतात जाणार नव्हतं. आणि मी नेमका तो शोधून काढला होता. अंगावरची नवी साडी काढून फेकावी असं वाटलं. मागे कोपीकडे माणसं ओळीने फिरत होती, कानडी वळणाचं काहीतरी म्हणत आंबील शिंपडत होती, हसत होती. मला वाटत होतं, माझ्यावरच हसतायत.

बाराच्या सुमारास फोन वाजला. जुन्या डब्याची पोरगी होती, कावेरी, देगलूरची. "काकू, आज मेस बंद आहे. हॉटेलंपण बंद आहेत. आम्ही अकराजणी आहोत हॉस्टेलवर. तुमच्याकडे डबा मिळेल का?"

मी रागातच होते. "डबे बंद केलेत मी," म्हणून ठेवून दिला फोन. मागे वळले तर गंगाक्का उभ्या, हातात आंबिलीचा तांब्या. "कोन व्हतं?"

"पोरी आहेत हॉस्टेलच्या. मेस बंद आहे म्हणतात."

"मग हिकडं आन की त्यांना." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी आयुष्यात पहिल्यांदा खाली मान घातली. "येळवशीच्या दिशी कुनी उपाशी ऱ्हातं का, माय?"

रज्जाकभाईंना फोन केला. ते दुसऱ्या रानात, तिसऱ्या रानाच्या तयारीत होते. पण आले, ढेकर देत आले, आणि दोन फेऱ्यांत अकरा पोरी आणून सोडल्या. पायात स्लीपर, अंगात झोपेचे कपडे, हातावर पेनाने लिहिलेली सूत्रं. रिक्षातून उतरल्या आणि क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. त्यांतल्या निम्म्या शेतकऱ्यांच्या लेकी, पण सहा-सहा महिने मातीला पाय लागला नव्हता. मग एक पळाली. तिच्यामागे सगळ्या. कुणी बोरीखाली, कुणी विहिरीवर, कुणी थेट कडब्याच्या गंजीवर जाऊन आडवी. गंगाक्कांनी सगळ्यांना ओढून आणून पंगतीला बसवलं. भज्जी, बाजरीचे उंडे म्हणजे वाफवलेले गोळे, गव्हाची खीर, आंबील. येळवशीची भज्जी म्हणजे त्या हंगामातली झाडून सगळी भाजी आणि शेंगा एका पातेल्यात. एक पोरगी तिसऱ्यांदा भज्जी घेताना म्हणाली, "आजी, ह्यात काय काय आहे?" गंगाक्का म्हणाल्या, "तू सोडून समदं." सगळी पंगत हसली. मी वाढत होते आणि एकेकीच्या तोंडाकडे बघत होते. पाच वर्षांची माझी हौस त्या दिवशी फिटली, आणि तीही एका पैशाचा धंदा न होता.

संध्याकाळी आगटीभोवती हुरडा झाला. कावेरी कणसं अशी चोळत होती की गंगाक्कांनी मान डोलावली. तिने वडिलांना फोटो पाठवला. पाच मिनिटांत त्यांचा फोन, आणि तिने तो माझ्याकडे दिला. "मावशी, नमस्कार. कावेरीचा बाप बोलायलो. तिथं बसायला जागा हाय का हो? मी पुढच्या रविवारी येनार हाव. आमी दोघं तिथं भेटलो तर चालंल का? फुकट नको. तुमचं जे काय आसंल ते देतो."

मी फोन कावेरीला परत दिला आणि अप्पांना म्हटलेलं माझंच वाक्य मला आठवलं, ज्यांना बोलावणारं कुणी नाही त्यांनी हुरडा कुठं खायचा?

रविवारचं लातूर तुम्ही बघितलं आहे का? सकाळी नऊपासून एसटीतून आईबाप उतरतात, हातात कापडी पिशव्या. क्लासच्या गल्ल्यांतून हॉस्टेलच्या दारात येतात. बापाला आत सोडत नाहीत, कधीकधी आईलाही नाही. पोरगी ओल्या केसांनी खाली येते. मग बंद दुकानाची पायरी शोधायची, नाहीतर कुणाच्या तरी मोटारसायकलच्या सीटवर डबा उघडायचा. आई फुटपाथवरच डोक्याला तेल लावते. बाप उभा. रस्त्यात उभं राहून बाप दुसरं काय विचारणार? "टेस्टला किती पडले?" पोरगी नखं बघते. चारच्या गाडीने आईबाप परत. दर रविवारी मी हे बघत होते, डब्यांच्या घाईत त्यांच्या बाजूने जात होते, रिक्षाचा हॉर्न वाजवून त्यांना पायरीवरून उठवतसुद्धा होते. ह्या लोकांना बसायला जागा हवी आहे, हे मला एकदाही सुचलं नाही. सुचलं ते देगलूरच्या एका मोटार रिवाइंडिंग करणाऱ्या माणसाला.

पुढच्या रविवारी ते पहिल्या गाडीने आले, आणि एकटे नाही, गाडीत भेटलेली आणखी तीन घरं घेऊन. रज्जाकभाईंनी स्टँडवरून उचलून आणलं, हॉस्टेलवरून पोरी आणल्या. दावणीत एक घर बसलं, ओसरीवर दुसरं, लिंबाखाली दोन. मी हुरडा घेऊन फिरत होते. हुरड्याची एक गंमत आहे, तो गरम असतानाच खावा लागतो आणि चोळणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. उलटतपासणी घ्यायला सवडच राहत नाही. कावेरीचे वडील गोणपाटावर मांडी घालून कणसं चोळत होते. बोटांना वार्निशचे जुने डाग, काजळीतही वेगळे दिसणारे. मी चटणी घेऊन मागून गेले आणि कावेरीचा आवाज ऐकला.

"पप्पा, फिजिक्सची टेस्ट लई खराब गेली. मागची पण गेलती. मी सांगितलं नाही."

त्यांचे हात थांबले नाहीत. त्यांनी तळहातावरच्या दाण्यांवर फुंकर मारून कोंडा उडवला आणि हिरवे दाणे तिच्या ओंजळीत ओतले. "गार व्हायच्या आत खा, तल्ली." देगलूर तेलंगणाला लागून, आणि तेलुगूत लेकीला लाडाने तल्ली म्हणतात. तिने खाल्लं. त्यांनी दुसरं कणीस घेतलं. ते चोळून झाल्यावर म्हणाले, "मोटार जळाली तर मी काय करतो? समदी तार काढतो, परत गुंडाळतो. मोटारीवर चिडून काय हुतंय?" कावेरी रडत होती आणि हुरडा खात होती, दोन्ही एकदमच. मी चटणी तशीच परत घेऊन आले. चुलीपाशी बसून मीही थोडं रडून घेतलं, आणि गंगाक्कांना धुराचं निमित्त सांगितलं.

त्याच्या पुढच्या रविवारी माणसं मावेनात. नांदेडकडची, परभणीची, कंधारची, उदगीरची, कुठली कुठली घरं. कुणी घरून पोळ्या आणल्या होत्या, कुणी मुलासाठी उशी. एक आई लेकीचं डोकं मांडीवर घेऊन उन्हात बसली ती चार तास हललीच नाही. रज्जाकभाईंनी त्यांच्या भावाचीही रिक्षा लावली. सोमवार ते शनिवार आखाडा रिकामाच असायचा, पण रविवारी असा भरायचा की अप्पांना स्वतःच्या ओसरीवर टेकायला जागा मिळायची नाही. ते बांधावर उभे राहून बघायचे. त्यांच्या मनात काय आहे ते मला कळायचं नाही, आणि संक्रांत तोंडावर आली होती.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी, ऐन गर्दीत, डाळमिलवाला आला. पांढरे कपडे, पांढरी गाडी, बरोबर टेप घेतलेला एक माणूस. अप्पा त्यांना घेऊन गोठ्याकडे गेले आणि मीही, मला कुणी बोलावलं नव्हतं तरी, हुरड्याची पाटी घेऊनच मागोमाग गेले.

टेपवाल्याने एक टोक भिंतीला लावलं. दुसरं टोक लावायला जागा नव्हती. दावणीच्या कडेला एक शेतकरी बाप पोराच्या शेजारी पडून घोरत होता आणि पोरगा त्याच्या अंगावर आपली चादर नीट करत होता. पलीकडे कुणाची तरी आजी नातीच्या हाताला मेंदी लावत होती. कोपऱ्यात तिघी पोरी एकमेकींना प्रश्न विचारत होत्या आणि चुकेल तिने एक कणीस चोळायचं, असा त्यांचा खेळ चालला होता.

"हे सगळे पाव्हणे काय अप्पा तुमचे?" डाळमिलवाल्याने विचारलं.

अप्पांनी टोपी काढली. डोकं खाजवलं. "पाव्हने न्हाईत," ते म्हणाले. "बाईचा धंदा हाय हा."

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. हुरडा इकायचा असतो व्हय, म्हणणारा हा माणूस. धंदा हा शब्द त्यांनी असा उच्चारला की त्यात लाज वाटण्यासारखं काही राहिलंच नाही.

"पण तुमचं संक्रांतीचं बोलणं झालं होतं."

"झालं व्हतं. चाललं तर बाईचा, आसंच झालं व्हतं. तुमी डोळ्यानं बघायलाव न्हवं?" मग त्यांनी त्या माणसाच्या हातातल्या टेपकडे बोट केलं. "ती गुंडाळा आन् बसा. गरम हाय तवर खावा."

डाळमिलवाला बसला. माणूस वाईट नव्हता, शिवाय त्याला हुरडा फार आवडतो हे मला नंतर कळलं. मी त्याला वाढलं, चटणी भरपूर वाढली. मग कडब्याच्या गंजीमागे गेले, पदर तोंडात धरला आणि पोट दुखेपर्यंत हसले. मी जिंकले होते. हे असं सरळ म्हणायला बायकांना जड जातं, मला जात नाही. येळवशीला धंदा उघडणारी मूर्ख बाई जिंकली होती आणि लिंबाखाली तिच्या हातचा हुरडा खाणारी माणसं तिला डोळ्यांसमोर दिसत होती.

ओसरीवरून गंगाक्का हाका मारत होत्या, कणसं करपायला लागली होती. जायच्या आधी मी नायगावला फोन लावला. ह्यांनी पहिल्या रिंगलाच उचलला. मागे झेरॉक्सचं मशीन चाललेलं ऐकू येत होतं.

"काय झालं? कधी येतेस?" त्यांनी विचारलं.

"मी येत नाही," मी म्हटलं. "तुम्हीच या. इथं रविवारी माणूस कमी पडतंय."